हॅलोवीन : पाच मृत्यू आणि भीतीची घडण

२५ ऑक्टोबर १९७८ रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे ‘हॅलोवीन’ हा चित्रपट प्रथम प्रदर्शित झाला. तीन ते सव्वातीन लाख डॉलर खर्चून, जेमतेम तीन आठवड्यांत चित्रित झालेल्या या चित्रपटात माणसांचे पाचच मृत्यू आहेत. त्यांपैकी एक पडद्याआड घडतो आणि उरलेल्या चारांत रक्त अगदी थोडे दिसते. तरीही सुरा घेऊन तरुणांचे एकामागोमाग बळी घेणाऱ्या खुन्याचे जे चित्रपट पुढे ‘स्लॅशर’ या नावाने ओळखले गेले, त्यांचा साचा याच चित्रपटाने पक्का केला. दिग्दर्शक जॉन कार्पेंटर यांनी भीतीचा सारा भार मृत्यूच्या क्षणावर टाकला नाही. तो त्या क्षणाआधीच्या वाट पाहण्यावर टाकला. त्यासाठी कॅमेऱ्याची चाल, अंधार, रुंद चौकटीतील रिकामी जागा आणि संगीत ही स्वस्तातली साधने त्यांनी वापरली. पाचही मृत्यू क्रमाने पाहिले की ही पद्धत स्पष्ट होते.

पूर्वपीठिका

या प्रकाराची मुळे १९६० सालापर्यंत मागे जातात. त्या वर्षी आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘सायको’ आणि मायकेल पॉवेल यांचा ‘पीपिंग टॉम’ हे दोन चित्रपट आले. ‘सायको’मध्ये जॅनेट ली यांनी साकारलेल्या नायिकेचा चित्रपट अर्ध्यावर येण्याआधीच न्हाणीघरात खून होतो. या एका प्रसंगासाठी कॅमेरा ७०हून अधिक ठिकाणी मांडला गेला होता. सुरा अंगात शिरताना जवळजवळ दिसत नाही. तुकड्यातुकड्यांची जुळणी आणि व्हायोलिनचे कर्कश सूर यांमुळे प्रेक्षकाला तो दिसल्यासारखा वाटतो. ‘पीपिंग टॉम’चा खुनी हातात कॅमेरा घेऊन हिंडतो, त्यामुळे प्रेक्षकाला बळीकडे खुन्याच्याच डोळ्याने पाहावे लागते. इटलीत मारियो बाव्हा यांनी १९६४ मध्ये ‘ब्लड अँड ब्लॅक लेस’ काढला. त्यातील खुन्याच्या चेहऱ्यावर नाकडोळे पुसून टाकल्यासारखे पांढरट आवरण आहे. १९७४ मध्ये टोब हूपर यांचा ‘द टेक्सास चेन सॉ मॅसेकर’ आणि कॅनडात बॉब क्लार्क यांचा ‘ब्लॅक ख्रिसमस’ आला. दुसऱ्या चित्रपटात सणाच्या दिवसांत मुलींच्या वसतिगृहात शिरणाऱ्या खुन्याच्या नजरेतून कॅमेरा भिंत चढून आत जातो.

मुखवटा, खुन्याची नजर, सणाची रात्र आणि तरुण बळी ही सामग्री अशी आधीच तयार होती. ‘हॅलोवीन’ने त्यातले बरेचसे बाजूला सारले आणि जे ठेवले ते इतक्या नेटकेपणाने मांडले की पुढच्यांना तेच प्रमाण वाटू लागले.

निर्मितीची हकीकत

कार्पेंटर यांचे बालपण केंटकी राज्यातील बोलिंग ग्रीन या गावात गेले. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात चित्रपटाचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी ‘डार्क स्टार’ (१९७४) आणि ‘असॉल्ट ऑन प्रीसिंक्ट १३’ (१९७६) हे दोन अल्पखर्चाचे चित्रपट केले. दुसऱ्या चित्रपटाला अमेरिकेत फारसे कोणी विचारले नाही, पण लंडनच्या चित्रपट महोत्सवात त्याचे कौतुक झाले. वितरक अर्विन याब्लान्स यांच्या डोक्यात लहान मुले सांभाळायला येणाऱ्या तरुणींच्या मागे लागलेल्या खुन्याची कल्पना घोळत होती; ती त्यांनी कार्पेंटर यांच्याकडे सोपवली. आईवडील संध्याकाळी बाहेर गेले की शेजारची शाळकरी मुलगी घरी येऊन मुले सांभाळते, ही अमेरिकी उपनगरांतली रोजची गोष्ट. त्यामुळे हा विषय घराघरातल्या तरुण प्रेक्षकाला भिडेल, असा याब्लान्स यांचा हिशेब होता. सुरुवातीचे नाव ‘द बेबीसिटर मर्डर्स’ असे होते. सगळी घटना एकाच रात्रीत घडवावी आणि ती रात्र हॅलोवीनची असावी, ही सूचनाही याब्लान्स यांचीच. ३१ ऑक्टोबरच्या या रात्री मुले सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात आणि पोखरलेल्या भोपळ्यांत दिवे लावून ते ओसरीवर ठेवले जातात. मुखवटा घातलेल्या माणसाकडे वर्षातून याच एका रात्री कोणी वळून पाहत नाही.

पैसा मुस्तफा अक्काद यांनी घातला. सीरियातील अलेप्पो येथे जन्मलेले अक्काद हे ‘द मेसेज’ (१९७६) या इस्लामच्या उदयावरील भव्य चित्रपटाचे दिग्दर्शक. त्या मानाने ‘हॅलोवीन’चा खर्च किरकोळ होता. लेखन, दिग्दर्शन आणि संगीत या तिन्ही कामांचे मिळून कार्पेंटर यांना १०,००० डॉलर आणि नफ्यातील वाटा ठरला. पटकथा त्यांनी निर्माती डेब्रा हिल यांच्यासह लिहिली. मुलींच्या आपसांतल्या गप्पा मुख्यतः हिल यांच्या, तर मानसोपचारतज्ज्ञाची लांब भाषणे कार्पेंटर यांची. कथेतील हॅडनफिल्ड हे इलिनॉय राज्यातील गाव काल्पनिक आहे. त्याचे नाव मात्र न्यू जर्सीतील हॅडनफिल्डवरून, हिल यांच्या गावावरून, घेतले आहे.

मानसोपचारतज्ज्ञ डॉ. सॅम लूमिस यांच्या भूमिकेसाठी पीटर कुशिंग आणि ख्रिस्तोफर ली या दोन ब्रिटिश नटांना आधी विचारणा झाली होती. दोन्हीकडून नकार आला. डोनाल्ड प्लेझन्स यांनी पाच दिवसांच्या कामासाठी २०,००० डॉलर घेऊन ती भूमिका केली. नायिका लॉरी स्ट्रोडच्या भूमिकेत जेमी ली कर्टिस यांची निवड झाली. हा त्यांचा पहिला चित्रपट आणि मानधन ८,००० डॉलर. त्या जॅनेट ली यांच्या कन्या. ‘सायको’च्या नायिकेची मुलगी म्हणून प्रसिद्धीला होणारा उपयोग हिल यांनी हेरला होता. लूमिस हे नावही ‘सायको’तल्याच एका पात्राचे आहे.

चित्रीकरण १९७८ च्या वसंत ऋतूत लॉस एंजेलिस परिसरात, दक्षिण पॅसाडीना आणि हॉलिवूडच्या निवासी गल्ल्यांत झाले. कथेत मात्र शरद ऋतूची पानगळ. म्हणून पाने रंगवून रस्त्यावर पसरली जात आणि दृश्य संपले की गोळा करून पुढच्या दृश्यासाठी पिशव्यांत भरून ठेवली जात. त्या दिवसांत भोपळे मिळवतानाही धावपळ झाली. इलिनॉयमध्ये न उगवणारी ताडाची झाडे काही चौकटींत तशीच राहून गेली आहेत.

खुन्याचा मुखवटा कला दिग्दर्शक आणि संकलक टॉमी ली वॉलेस यांनी तयार केला. ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील कॅप्टन कर्क म्हणजे विल्यम शॅटनर यांच्या चेहऱ्याचा रबरी मुखवटा दुकानातून दोन डॉलरच्या आत विकत आणला गेला. वॉलेस यांनी त्याच्या भुवया आणि कल्ले काढले, डोळ्यांची भोके मोठी केली, केस विस्कटले आणि चेहरा पांढरा फवारला. उरला तो माणसाचा चेहरा, पण त्यावर कोणताच भाव नाही. राग, आनंद, द्वेष यांतले काहीच न दिसल्यामुळे त्यात काय वाचायचे हे पाहणाऱ्यावर येते. तो घालून वावरणारे निक कॅसल हे कार्पेंटर यांचे विद्यापीठातले मित्र. त्यांना दिवसाला २५ डॉलर मिळत. श्रेयनामावलीत त्यांच्यापुढे मायकेल मायर्स हे खुन्याचे नाव नाही, तर केवळ ‘आकृती’ या अर्थाचा ‘द शेप’ हा शब्द आहे.

पहिला मृत्यू : खुन्याच्या डोळ्यांतून

चित्रपट १९६३ च्या हॅलोवीनच्या रात्री सुरू होतो. एका दुमजली पांढऱ्या घराकडे कॅमेरा रस्त्यावरून सरकत येतो. खिडकीतून आत ज्युडिथ मायर्स ही तरुणी आणि तिचा मित्र दिसतात. दोघे वर जातात, वरचा दिवा मालवतो. कॅमेरा घराला वळसा घालून मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरतो. एक हात चौकटीत येतो, खण उघडतो आणि सुरा उचलतो. मित्र शर्ट चढवत जिना उतरून निघून जातो. कॅमेरा जिना चढतो, जमिनीवर पडलेला विदूषकाचा मुखवटा उचलतो आणि तो चढवताच पडदा काळा होऊन डोळ्यांच्या दोन भोकांपुरताच उरतो. त्या दोन भोकांतून आरशासमोर केस विंचरणारी ज्युडिथ दिसते. ती ‘मायकेल’ म्हणून ओरडते आणि वार सुरू होतात.

वार चालू असताना नजर ज्युडिथवरून ढळते आणि वर-खाली होणाऱ्या सुऱ्याकडे वळते. मारणाऱ्याचे लक्ष आपल्याच हाताच्या हालचालीत अडकले आहे. बळीच्या वेदनेशी त्याला जणू देणेघेणेच नाही. प्रेक्षकाला जखम फारशी दिसत नाही, पण ही अलिप्तता दिसते आणि ती जखमेहून भयंकर ठरते. मग कॅमेरा खाली उतरून दाराबाहेर येतो. गाडीतून उतरलेला माणूस मुखवटा ओढून काढतो, आणि पहिल्यांदाच दृश्य उलट बाजूने दिसते. विदूषकाच्या पोशाखात, रक्ताळलेला सुरा हातात घेऊन ज्युडिथचा सहा वर्षांचा भाऊ मायकेल उभा आहे. कॅमेरा हळूहळू उंच जातो. आईवडील आणि मुलगा जागच्या जागी थिजून राहतात.

सुमारे चार मिनिटांचा हा प्रसंग अखंड वाटतो. प्रत्यक्षात मुखवटा चढतानाच्या अंधारात जोड लपवलेला आहे. छायाचित्रणकार डीन कंडी यांनी त्यासाठी पॅनाग्लाइड हे त्या काळी नवे असलेले उपकरण वापरले. चालकाच्या अंगावर बांधलेला कॅमेरा त्यामुळे रुळांशिवाय जिने चढू शकतो, दारांतून आत जाऊ शकतो आणि चित्र हादरत नाही. परिणामी ही नजर माणसाच्या चालीची असूनही तरंगणारी वाटते. चौकटीत दिसणारे छोटे हात डेब्रा हिल यांचे आहेत. घर म्हणजे एक पडीक वास्तू होती. चित्रपटातल्या १९७८ सालासाठी ती होती तशीच चालली. १९६३ च्या दृश्यासाठी मात्र सर्वांनी मिळून ती झाडली, रंगवली, सजवली. म्हणूनच चित्रपटाचा आरंभ चित्रीकरणाच्या अखेरीस टिपला गेला.

या प्रसंगाने दोन गोष्टी साधल्या. खुनी कोण हे रहस्य पहिल्या काही मिनिटांतच संपले. आणि यापुढे कॅमेरा कोणाच्याही पाठीमागून संथपणे चालू लागला की ती नजर कोणाची, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उभा राहू लागला.

दुसरा मृत्यू : न दिसणारा

१५ वर्षांनंतर, ३० ऑक्टोबर १९७८ च्या रात्री, त्या खुनानंतर मनोरुग्णांच्या इस्पितळात ठेवलेला मायकेल तिथून पळतो आणि गाडी घेऊन हॅडनफिल्डकडे निघतो. वाटेत त्याने गाडीदुरुस्ती करणाऱ्या एका कामगाराला मारून त्याचे कपडे घेतले आहेत. हा खून दाखवलेलाच नाही. त्याच्यावर उपचार करणारे आणि आता त्याच्या मागावर असलेले डॉ. लूमिस रेल्वेमार्गाजवळच्या टेलिफोनपाशी थांबतात, तेव्हा त्यांना रस्त्याकडेला सोडलेला ट्रक आणि इस्पितळातला अंगरखा सापडतो. ते घाईने निघून जातात. कॅमेरा थोडा सरकतो आणि गवतात पडलेले प्रेत दिसते, पण ते फक्त प्रेक्षकाला. लूमिस यांना ते कधीच कळत नाही.

पात्रांपेक्षा प्रेक्षकाला जास्त ठाऊक असणे हे हिचकॉक यांचे आवडते तत्त्व होते. कार्पेंटर यांनी पुढचा मोठा भाग त्यावर उभा केला. या काळात पडद्यावर एकाही माणसाचा खून होत नाही. लॉरी, ॲनी आणि लिंडा या मैत्रिणी शाळेत जातात, घरी परततात, मित्रांविषयी बोलतात. मायकेल वर्गाच्या खिडकीबाहेर उभा दिसतो, झुडपाआडून डोकावतो, वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये दिसतो आणि पुन्हा पाहावे तर नाहीसा होतो. ॲनी झुडपामागे जाऊन बघते. तिथे कोणी नसते.

या भागात रुंद पडद्याचे महत्त्व कळते. खर्च कमी असूनही कार्पेंटर आणि कंडी यांनी पॅनाव्हिजनची, रुंदी उंचीच्या सव्वादोन पटींहून जास्त असलेली चौकट निवडली. पात्र एका कडेला ठेवले की दुसरी बाजू रिकामी राहते. उन्हात न्हालेला रस्ता, हिरवळ, शेजारची घरे असे निरुपद्रवी दृश्य समोर असते आणि प्रेक्षकाची नजर मात्र त्या मोकळ्या जागेत पांढरा चेहरा शोधत राहते. काही वेळा मायकेलचा केवळ खांदा अगदी पुढे, अस्पष्ट दिसतो आणि पलीकडे दूरवर मुली चालत असतात. दिवसाढवळ्या घडणारा हा पाठलाग रात्रीच्या प्रत्येक प्रसंगाची जमीन तयार करतो.

तिसरा मृत्यू : ॲनीची गाडी

चित्रपट निम्म्याहून अधिक झाल्यावर ॲनीचा मृत्यू येतो. ती वॉलेस कुटुंबाची मुलगी लिंडसी हिला सांभाळत आहे. समोरच्याच डॉइल कुटुंबाच्या घरी लॉरी त्यांच्या मुलाला, टॉमीला, सांभाळते आहे. ॲनीच्या मृत्यूची तयारी कार्पेंटर खूप आधीपासून करतात. तिच्या कपड्यांवर लोणी सांडते. कपडे धुवायला ती अंगणातल्या खोलीत जाते, दार बंद होऊन आत अडकते, खिडकीतून बाहेर पडताना तिथेही अडकते. प्रत्येक वेळी प्रेक्षक श्वास रोखतो आणि प्रत्येक वेळी ती सुखरूप सुटते. दरम्यान घरातल्या कुत्र्याचा जीव घेतला गेला आहे, पण ॲनीला त्याचा पत्ता नाही. अशा हुलकावण्यांनी प्रेक्षकाचा अंदाज चुकत जातो.

मग ती लिंडसीला समोरच्या घरी सोडून मित्राला आणायला निघते. गाडीचे दार ओढते. ते कुलूपबंद असते. किल्ली आणायला ती गुणगुणत घरात जाते. परत येऊन दार ओढते, तर ते सहज उघडते. किल्ली लावावी लागली नाही, हे तिच्या ध्यानात येत नाही. आत बसल्यावर समोरच्या काचेवर वाफ धरलेली दिसते. ती बोट लावून पाहते. बंद गाडीत कोणाचा तरी श्वास साचला आहे, हे तिला उमगते न उमगते तोच मागच्या आसनावरून मायकेल उठतो. गळा आवळला जाताना ती धडपडते, भोंगा वाजतो. अखेरीस सुरा गळ्यावरून फिरतो.

संपूर्ण चित्रपटातील ही सर्वांत काटेकोर रचना आहे. न उघडणारे दार, उघडलेले दार आणि वाफ या तीन खुणा संवादाशिवाय, प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर मांडलेल्या आहेत. त्यातली दुसरी खूण ज्याला कळली, त्याच्यासाठी उरलेले काही क्षण असह्य होतात. त्यानंतर समोरच्या खिडकीतून छोटा टॉमी एका माणसाला कोणाचे तरी शरीर उचलून नेताना पाहतो. तो बागुलबुवा आहे असे तो लॉरीला सांगतो. ती समजूत काढते. या चित्रपटात मुलांना जे दिसते ते खरे असते आणि मोठी माणसे त्यावर विश्वास ठेवत नाहीत.

चौथा आणि पाचवा मृत्यू : बॉब व लिंडा

रिकाम्या झालेल्या वॉलेसांच्या घरी लिंडा तिचा मित्र बॉब याच्यासह येते. बॉब बिअर आणायला अंधाऱ्या स्वयंपाकघरात उतरतो. आवाज ऐकून कोणी थट्टा करते आहे असे समजून तो दारे उघडून पाहतो. एका कपाटातून मायकेल बाहेर येतो, गळा धरून त्याला जमिनीपासून वर उचलतो आणि सुरा खुपसून तसाच टांगून ठेवतो. एका सुऱ्यावर धडधाकट माणसाचे वजन तोलले जाईल, हे शक्य कोटीतले नाही. परंतु या क्षणी मायकेल माणसाच्या ताकदीपलीकडचा आहे, ही जाणीव चित्रपटात पहिल्यांदा येते आणि शेवटासाठी ती आवश्यक आहे.

खून झाल्यावर मायकेल लगेच निघून जात नाही. तो स्तब्ध उभा राहून डोके आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कलते करतो; आपण काय केले ते न्याहाळतो. चेहरा झाकलेला, संवाद नाही, म्हणून या एका हालचालीवर पात्राची सगळी ओळख उभी आहे. त्यात क्रौर्याचा आनंद नाही, पश्चात्तापही नाही. फक्त कुतूहल आहे. पहिल्या प्रसंगात सुऱ्याकडे वळलेली मुलाची नजर आणि हे कललेले डोके यांत एकच वृत्ती दिसते.

लिंडाच्या मृत्यूत हॅलोवीनच्या सोंगाचाच वापर होतो. शयनगृहाच्या दारात अंगावर पांढरी चादर घेतलेले भूत उभे राहते आणि चादरीवर बॉबचा चष्मा असतो. लिंडा हसते, थट्टा करते. उत्तर येत नाही म्हणून वैतागून पाठ फिरवते आणि लॉरीला फोन लावते. तिच्या गळ्याभोवती फोनचीच वायर आवळली जाते. दुसऱ्या टोकाला लॉरीला तिचा गुदमरलेला आवाज ऐकू येतो, पण तिला तो ॲनीचा चावटपणा वाटतो. मरणारी व्यक्ती मदतीच्या इतक्या जवळ असताना तिचा आवाज हसण्यावारी नेला जातो. हा मृत्यू रक्ताशिवाय होतो. त्याचा घाव बसतो तो ऐकणाऱ्याच्या गैरसमजामुळे.

लॉरीची झुंज

शंका येऊन लॉरी रस्ता ओलांडते. चालणारी लॉरी आणि जवळ येणारे अंधारे घर अशा आलटून पालटून येणाऱ्या दृश्यांत हे छोटे अंतर लांबत जाते. वरच्या खोलीत ॲनीचे प्रेत पलंगावर ठेवलेले आहे, उशाशी ज्युडिथ मायर्सच्या थडग्याचा उपटून आणलेला दगड. बॉबचे शरीर लोंबकळत समोर येते, कपाटात लिंडा दिसते. मृत्यूंच्या वेळी हात राखून वागलेला दिग्दर्शक येथे तिन्हींचा हिशेब एकदम समोर ठेवतो.

लॉरी हादरून दाराच्या चौकटीला टेकते. तिच्या शेजारचे दार काळोखे आहे. त्या काळोखात हळूहळू पांढरा मुखवटा उमटतो. कंडी यांनी त्यासाठी मुखवट्यावर रोखलेल्या छोट्या दिव्याचा प्रकाश मंद मंद वाढवत नेला. मायकेल येत नाही. तो तिथेच होता, एवढेच कळते. दिवसभर रिकाम्या जागा न्याहाळणाऱ्या प्रेक्षकाला हे अखेरचे उत्तर आहे.

जखमी लॉरी रस्त्यावर येऊन शेजाऱ्याचे दार ठोठावते. ओसरीवरचा दिवा लागतो, खिडकीचा पडदा हलतो आणि दिवा पुन्हा मालवतो. शांत, सुरक्षित म्हणवणाऱ्या उपनगराविषयी चित्रपट जे म्हणतो ते या दिव्यातून. पुढे लॉरी विणकामाच्या सुईने, कपाटात कोंडली गेल्यावर तारेच्या हँगरने आणि मायकेलच्याच सुऱ्याने प्रतिकार करते. हाताशी येणाऱ्या घरगुती वस्तू तिची शस्त्रे होतात. दृश्ये क्रमाने चित्रित होत नसल्यामुळे कोणत्या प्रसंगात भीती किती दाखवायची याची मोजपट्टीच कार्पेंटर यांनी कर्टिस यांच्यासाठी ठरवली होती. म्हणून ही झुंज पायरीपायरीने चढत जाते.

शेवटी डॉ. लूमिस पोहोचतात. झटापटीत मुखवटा निघतो आणि क्षणभर एका सामान्य तरुणाचा चेहरा दिसतो. लूमिस सहा गोळ्या झाडतात, मायकेल सज्जावरून खाली कोसळतो. पुन्हा वाकून पाहतात तेव्हा हिरवळ रिकामी असते. त्यानंतर जिना, दिवाणखाना, घरांचे बाह्य देखावे अशा रिकाम्या जागा एकामागोमाग येतात आणि त्यांवर मायकेलच्या श्वासाचा आवाज वाढत जातो.

संगीताचे काम

संगीत बसवण्याआधी हा चित्रपट एका मोठ्या कंपनीच्या अधिकारी महिलेला दाखवला होता, पण तिला भीती वाटलीच नाही, असे कार्पेंटर यांनी सांगितले आहे. तेव्हा संगीताच्या बळावर तो तारायचा असे त्यांनी ठरवले आणि सुमारे तीन दिवसांत संगीत पूर्ण केले. त्यांचे वडील संगीताचे प्राध्यापक होते; त्यांनी मुलाला बोंगो वाद्यावर पाच मात्रांचा ताल शिकवला होता. तोच ताल पियानोवर घेऊन मुख्य धून बांधली गेली. पाश्चात्त्य चित्रपटसंगीताची सवय असलेल्या कानाला चार किंवा तीन मात्रांची अपेक्षा असते. येथे आवर्तन सतत एक पाऊल पुढे पडते आणि विसावा मिळत नाही. त्याखाली सिंथेसायझरचे लांब, खालच्या पट्टीतले सूर आहेत. मायकेल अचानक चौकटीत येतो तेव्हा तीक्ष्ण आघात होतो. श्रेयनामावलीत वादकांचा उल्लेख ‘बोलिंग ग्रीन फिलहार्मनिक ऑर्केस्ट्रा’ असा आहे; असा वाद्यवृंद अस्तित्वात नव्हता.

प्रदर्शन, टीका आणि वारसा

जाहिरातीला पैसा नसल्यामुळे चित्रपट एका शहरातून दुसऱ्या शहरात, तोंडी प्रसिद्धीवर पसरला. सुरुवातीला परीक्षणे थंड होती. ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये टॉम ॲलन यांनी त्याची बाजू घेतली, रॉजर ईबर्ट यांनी चार तारे देऊन त्याची ‘सायको’शी तुलना केली, पॉलीन केल यांना मात्र तो आवडला नाही. जगभरात त्याने सुमारे सात कोटी डॉलर मिळवले. स्वतंत्रपणे बनलेल्या चित्रपटांत हे यश त्या काळी असामान्य होते.

या आकड्यांनी अनुकरणाची लाट आणली. मे १९८० मध्ये आलेल्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ने मृत्यूंची संख्या दुप्पट केली आणि टॉम सॅविनी यांच्या रंगभूषेच्या करामतींनी प्रत्येक मृत्यू हेच आकर्षण बनवले. त्याच वर्षी ‘प्रॉम नाइट’ आणि ‘टेरर ट्रेन’ आले. दोन्हींत कर्टिस होत्या. १९८१ च्या ‘हॅलोवीन २’मध्ये रक्तही वाढले आणि लॉरी ही मायकेलची बहीण असल्याचा खुलासाही झाला. पहिल्या चित्रपटात मायकेलला कारण नाही, आणि त्याची भीती त्या कारण नसण्यातच आहे. नात्याच्या खुलाशाने ती कमी झाली. २०१८ साली आलेल्या नव्या ‘हॅलोवीन’ने हे नाते पुसून टाकून कथा थेट १९७८ ला जोडली, त्याच्या संगीतात कार्पेंटर पुन्हा सहभागी झाले.

आक्षेपही लवकरच पुढे आले. प्रेमसंबंध ठेवणाऱ्या मुली मरतात आणि अभ्यासू लॉरी वाचते, म्हणून चित्रपट मुलींना नीतीचा धडा शिकवतो, असे म्हटले गेले. कार्पेंटर यांनी तो हेतू नाकारला. मरणाऱ्यांचे लक्ष दुसरीकडे होते आणि लॉरी सावध होती, असे त्यांचे म्हणणे. चित्रपटाची रचना या उत्तराला पुष्टी देते. दुपारी मायकेलला वारंवार पाहणारी लॉरीच आहे, आणि उघडलेले दार ॲनीच्या ध्यानात येत नाही. १९८० मध्ये ईबर्ट आणि जीन सिस्केल यांनी स्त्रियांवरील हिंसेवर पोसल्या जाणाऱ्या चित्रपटांवर दूरचित्रवाणीवरून सडकून टीका केली, तेव्हा ‘हॅलोवीन’ला त्यांनी अपवाद ठरवले. अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ च्या निबंधात आणि १९९२ च्या ग्रंथात अखेरपर्यंत टिकून लढणाऱ्या तरुणीला ‘फायनल गर्ल’ ही संज्ञा दिली. खुन्याच्या नजरेतून सुरू झालेला चित्रपट शेवटी प्रेक्षकाला या मुलीच्या बाजूला आणून उभा करतो, हे त्यांनी दाखवून दिले. ‘हॅलोवीन’मध्ये हा प्रवास स्पष्ट आहे. पहिला खून मायकेलच्या डोळ्यांतून दिसतो, आणि अखेरची झुंज कपाटात लॉरीच्या शेजारी बसून पाहावी लागते.

२००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, जतन करण्याजोग्या कलाकृतींमध्ये ‘हॅलोवीन’चा समावेश झाला. त्याच्या अनुकरणातून शेकडो चित्रपट निघाले. बहुतेकांनी मुखवटा, सुरा आणि सणाची तारीख उचलली. वाफ धरलेली काच, फोनवरचा गैरसमज आणि काळोखात उजळत जाणारा चेहरा यांमागची शिस्त फार थोड्यांनी घेतली. प्रेक्षकाला आधी नीट पाहायला शिकवायचे आणि मग त्याच्याच पाहण्याचे भय करायचे, हे त्या शिस्तीचे सार आहे. तेवढ्या बळावर दोन डॉलरचा मुखवटा आणि पाच मृत्यू पुरेसे ठरले.